तुझ्या मागे फिरणारं यंत्र

शेवटचं काम आपण दोघांनी मिळून केलं ते कोकमाचे रातांबे फोडायचं. पडवीत गोणपाटावर तू पाय लांब करून बसलेलीस, कारण गुडघे दुमडत नव्हते, आणि मी तुझ्यासमोर उकिडवा. तू फोडत होतीस, मी गर भांड्यात आणि साली सुपात टाकत होतो. दोघांचे हात लालभडक. मीठ कमी पडलं म्हणून तू मला ओरडत होतीस, आणि मीठ घालायचं काम तुझंच होतं. असं नेहमी व्हायचं.

मग तू म्हणालीस, "त्या निशाणाचा काय ठरवल्यात?"

"ठरवूचा काय? तू फुलां तरी काढ, नायतर खळ्यात तरी येव नको."

"दोनय जमाचा नाय."

"मगे पोरांनी मशीन कित्याक केला?"

"तां उद्या सांगतंय," म्हणालीस, आणि शेवटचा रातांबा फोडून सुरी खाली ठेवलीस.

दुसऱ्या दिवशी चहाला उठलीस, चुलीजवळ बसलीस आणि तिथेच कलंडलीस. डॉक्टर काय म्हणाले, कोण कोण आलं, ते मी लिहीत नाही. तुला त्याचा उपयोग नाही आणि मला परत आठवायची हौस नाही. पण ते भांडण अर्धवट राहिलं, ते मला चालत नाही. म्हणून लिहायला बसलो. चौथी शिकलेल्या माणसाचं लिखाण आहे. आपली नात तन्वी शुद्धलेखन बघते म्हणाली. तिला सांगून ठेवलंय, शुद्धलेखन बघ, भांडणात हात घालू नको.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्याला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तन्वी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिघांनी मिळून एक यंत्र करून दाखवायचं होतं. ती, वेंगुर्ल्याचा ओंकार आणि मालवणचा रॉयस्टन. यंत्र म्हणजे एक कॅमेरा, त्याच्याखाली दोन छोट्या मोटरी. एक मोटर त्याची मान डावी-उजवीकडे फिरवते, दुसरी वर-खाली. त्याला एक रंग दाखवून ठेवायचा. मग त्या रंगाची वस्तू जिकडे जाईल तिकडे तो आपली मान फिरवत राहतो. कॉलेजात ती मुलं चेंडू घेऊन तो फिरवत बसायची. सुट्टीत माशाची कढी खायला म्हणून आपल्याकडे आली, आणि सोबत ते लटांबरही.

तू विचारलंस, "चेंडू बघून काय करतलास?"

ओंकार म्हणाला, "आजी, ह्यो नुसतो नमुनो. पुढे कायय बघूक येता."

"कायय?"

"कायय."

"मगे हेंका बघूक सांगा," म्हणालीस आणि हातातला डाव माझ्याकडे केलास. डावातली कढी माझ्या पायावर सांडली.

मला हसू आलं, पण तू हसत नव्हतीस. मी एकटा होडी घेऊन खाडीत जातो, पागर म्हणजे हातानं फेकायचं जाळं टाकतो, दोन-चार मासे घेऊन येतो. लग्न झाल्यापासून तू माझी वाट बघत आलीस. आधी खाली काठावर उभी राहायचीस. गुडघे गेल्यावर काठावर उतरता येईना, तेव्हा वर खळ्यातून, म्हणजे अंगणातून, बघायला लागलीस. खळ्यातून खाडी दिसते, पण तू सांगायचीस की तुझ्या डोळ्यांना लांबची होडी म्हणजे पाण्यावर तरंगणारी काठी. काठीत माणूस आहे की नाही ते कळत नाही म्हणायचीस. मी जाऊ नये असं तू म्हणायचीस, मी जायचो, आणि यावर आपलं रोज वाजायचं. कॅमेरा माझ्यावर नजर ठेवील आणि तुला स्वयंपाकघरात बसून मोबाईलवर मी मोठा दिसेन, असं मुलांनी सांगितलं. तू म्हणालीस, "बरा होयत." मुलांना त्यांचं काम मिळालं, तुला बसायला मिळणार होतं आणि माझी कटकट टळणार होती. सगळं छान जुळलं होतं.

मुलं मग सुट्टीभर राहिली. पडवीत वायरीच वायरी. रॉयस्टन सोलकढीवर सोलकढी मागायचा आणि तू त्याला सांगायचीस, "पोटाक जागा ठेव रे, भात काय कोंबडेक घालू?" ओंकार कमी बोलणारा, पण तुझ्या हातचं खाऊन त्याचीही जीभ सुटली. तू इतकी खुशीत होतीस की माझ्यावर ओरडायला विसरायचीस. मला ते जरा चुकल्यासारखं वाटायचं.

रंगाचा प्रश्न आला तेव्हा मुलं खळ्याच्या कडेला उभी राहून खाडीकडे बघत होती. हिरवा नको, माड हिरवे. निळा नको, होड्या निळ्या. पांढरा नको, बगळे. रॉयस्टन म्हणाला लाल, तर तन्वी म्हणाली जाळ्याचे तरंगते बोये लाल असतात. तेव्हा तू तांदूळ निवडता निवडता बोललीस, "अबोलीचो घेवा. खाडयेत काय अबोली फुलणा नाय."

ओंकारनं मान हलवली. "आजी, बरोबर."

बरोबरच होतं. खाडीत अबोली नाही, काठावर नाही, होडीत नाही. तू झाडावरची दोन फुलं ओल्या रुमालात गुंडाळलीस, तन्वीला घेऊन एस्टीनं मालवणला गेलीस आणि दुकानदाराला तागे उलगडायला लावून त्याच रंगाचं कापड घेऊन आलीस. त्याचं निशाण शिवलंस. मी म्हटलं, "मी काय जत्रेक जातंय?" तू ऐकलं नाहीस. बांबूला बांधून ते होडीच्या मागच्या बाजूला रोवलंत आणि मी जत्रेला निघाल्यासारखा खाडीत गेलो.

पुढचं मी पाण्यात असल्यामुळे मला मुलांनी सांगितलं. कॅमेरा पडवीच्या खांबाला बांधला होता. सुरुवातीला तो व्यवस्थित माझ्या मागे फिरला. मुलं नाचायला लागली. तेवढ्यात तू चहा घेऊन बाहेर आलीस आणि कॅमेऱ्यानं मला सोडलं. तो तुळशीकडे वळला, मग दारात, मग कोंबड्यांच्या खुराड्याकडे. मुलांना वाटलं मोटर बिघडली. मोटर खोलली. वायर बदलली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी निघायच्या आधी रॉयस्टन निशाण घेऊन काठावर फिरत होता आणि तू नुकतीच न्हालेली, केस सुटे सोडून उन्हात बसलेलीस, तेव्हा यंत्र सरळ चाललं. मुलं म्हणाली, सुधारलं. तू केस बांधलेस, वेणी माळलीस आणि ते परत बिघडलं.

शेवटी ओंकारनं पडद्याकडे बघत विचारलं, "आजी, जरा हय येवा. आता थय जावा. आता पाठ करा."

तू म्हणालीस, "माझा लगीन ठरवतस काय रे?"

पडद्यावर एक चौकोन दिसतो, यंत्र ज्याच्या मागे आहे त्याच्याभोवती. तो चौकोन तुझ्या अंबाड्यावर होता. अबोलीच्या वेणीवर. खाडीत अबोली फुलत नाही हे चौघांना सुचलं, पण ती तुझ्या डोक्यात रोज फुलते हे कुणाला सुचलं नाही. तुलाही नाही. रोज दिसतं ते दिसत नाही, दुसरं काय. होडीवरचं निशाण लांबून नखाएवढं, आणि तुझी वेणी जवळ, चांगली मूठभर. यंत्राला जे मोठं दिसेल ते त्याचं. त्यात त्याची चूक नाही.

मी काठाला लागलो तेव्हा वर सगळे पोट धरून हसत होते आणि मला वाटलं मलाच हसतायत.

रॉयस्टन म्हणाला, "आजी, सोप्पा आसा. आजो खाडयेत आसतत तितको वेळ फुलां काढून ठेवा."

तू वेणीवर हात ठेवलास. मग म्हणालीस, "घरातला माणूस पाण्यात आसताना माथ्यातली फुलां काढूची नसतत, बाबा."

हे माझ्या आईनं तुला शिकवलेलं. माणूस पाण्यात गेला की त्याच्या बायकोनं तो परत येईपर्यंत वेणी उतरवायची नाही. सुकली तरी नाही. मी ते कधी मानलं नाही, तू कधी मोडलं नाहीस. म्हणजे गंमत बघ, यंत्र चालवायचं ते मी पाण्यात असतानाच, आणि तेवढ्याच वेळात तुला फुलं काढता येत नव्हती.

ओंकार म्हणाला, नवरीसारखा डोक्यावर पदर घ्या. तू म्हणालीस, "मी काय नवी व्हकल?" तन्वी म्हणाली, कॅमेरा खळ्याच्या कडेला नेऊया, म्हणजे आजी त्याच्या मागे राहील. नेला. तर तू त्याच्याही पुढे जाऊन उभी. मी म्हटलं, निशाणाचा रंग बदला. तू म्हणालीस, कापड तुझं, पसंती तुझी, शिवण तुझी, बदलायचं तर यंत्रानं बदलावं.

मग मी खरं काय ते बोललो. "तुका बाहेर येवक लागू नये म्हणान ह्या केला ना? तू घरात मोबाईल घेवन बसलस तर सगळा चलता. बाहेर कित्याक येतस?"

"मशीन तुमच्यार बघता काय नाय, तां बघूक."

"तू येतस म्हणानच तां माझ्यार बघणा नाय!"

"म्हणानच माका येवक व्हया."

असं ते दहा-पंधरा दिवस चाललं. मुलांचं काम अडलेलं, कॉलेजातले सर बघायला येणार, आणि आपण दोघं पडवीत बसून हेच. तुझं म्हणणं मला मान्य करता येत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं. रातांबे फोडताना ते तिथपर्यंत आलं आणि राहिलं.

तुला न्यायच्या वेळी बायकांनी तुझ्या झाडाची अबोली सगळी खुडली. झाड बोडकं दिसत होतं. आता परत कळ्या आल्यात.

तेरावं झाल्यावर आपली लेक शैला म्हणाली, "बाबा, होडी आता वर ओढून ठेवा. तुमच्यावर लक्ष ठेवायला कोण आहे?" ती रत्नागिरीला राहून शहरी बोलायला लागली आहे. मला तिचं पटलं. तिला वाटलं वयामुळे पटलं. तसं नाही. मी पाण्यात गेलो की तू वर जीव मुठीत धरून उभी असतेस, असं मी आयुष्यभर समजत आलो. समोर मासा उड्या मारत असला तरी त्या धाकानं पागर आवरून परत फिरायचो. चिडायचो, पण फिरायचो. आता घरी कुणाचा जीव टांगणीला नाही, तर पाण्यातून परत यायची घाई कसली, आणि परत यायची घाई नाही तर जायचं कशाला? हे मी शैलाला बोललो नाही. बोलून तिला काय समजणार.

म्हटलं, ओढून ठेवतो.

मुलं मला काही विचारत नव्हती. तन्वी फोनवर बोलताना ऐकलं, "नको, आजोंना सांगूया नको. आपण चेंडूच दाखवू सरांना." मी मागून म्हटलं, "चेंडू कित्याक? होडी अजून पाण्यातच आसा मां?" ती माझ्याकडे बघून रडायला लागली. म्हटलं, रडू नको, सरांना काय वाजता बोलावलंयस ते सांग. तू त्यांना जेवू घालून घालून एवढं करवून घेतलेलं, ते मी चेंडूवर घालवणार नव्हतो. तेवढं एकदा जायचं आणि मग होडी वर, असं ठरवलं.

सर आले. तरुण माणूस, मुलांपेक्षा फार मोठा नसेल. चपला खळ्याबाहेर काढल्या म्हणून तुला आवडला असता. मी निशाण लावून गेलो. वळणापर्यंत गेलो, परत आलो, आडवा गेलो, दुसऱ्या होडीच्या मागे दडलो, परत निघालो. कॅमेऱ्यानं मला एकदाही सोडलं नाही. वर आलो तर सर म्हणत होते, "छान. एकदम स्थिर आहे. आधी काही अडचण येत होती म्हणालात ना?"

रॉयस्टन वायर गुंडाळायला लागला.

मी म्हटलं, "होती. आता नाही."

सर शहाणे निघाले, पुढे विचारलं नाही. मुलं पास झाल्यासारखीच होती, पण कुणी नाचलं नाही. तन्वीनं सोलकढी दिली. मीठ कमी होतं. मी सांगितलं नाही.

सर गेल्यावर दुपारी तन्वी लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आजो, फुकट गेलेले व्हिडिओ आसत. जागा अडता म्हणान पुसूचे होते. पुसू?"

"आधी दाखव तरी."

यंत्र चालू असताना जे बघतं ते साठवून ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. आणि बिघडलं तेव्हा ते तुलाच बघत होतं. म्हणजे जेवढ्या वेळा त्यांचं काम फुकट गेलं, तेवढ्या वेळा तू. आपल्या लग्नात फोटो नव्हता. शैलाच्या लग्नात तू फोटोवाल्याला पाठ केलीस. रेशनकार्डावरच्या फोटोत तू कोण म्हणून पोलिसांनी विचारावं अशी दिसतेस. आणि इथे तू चालतेस, वाकतेस, कोंबडीला शिव्या घालतेस, आणि ते यंत्र तुझ्या मागे मागे.

सगळ्यात महत्त्वाचं ते आता सांगतो. मी पाण्यात असताना तू काय करायचीस ते मी कधी बघितलेलंच नाही. कसं बघणार? मी पाण्यात. माझ्या मनात होतं, तू डोळ्यांवर हात धरून, देवाचं नाव घेत उभी असशील. तू माडाखालच्या दगडावर बसून शेंगदाणे खात होतीस. पाय हलवत होतीस, लहान चेडवासारखे, शाळेतल्या मुलीसारखे. सालं कोंबडीच्या अंगावर टाकत होतीस. गुडघे दुखतात म्हणणारी बाई ती.

मागून ओंकारचा आवाज येतो, "आजी, आजो दिसणत नाय."

तू वरही बघितलं नाहीस. "येतले. खंय जातत? भूक लागली काय येतत."

मला राग आला. खरंच आला. आयुष्यभर मी कुणाच्या धाकानं परतत होतो? शेंगदाणे खाणाऱ्या बाईच्या? तन्वी म्हणाली, थांबा, अजून आहे.

पुढच्यात तू उभी आहेस, कॅमेऱ्याकडे पाठ, अंबाड्यावर तो चौकोन. रॉयस्टन विचारतो, "आजी, मोबाईलवर मोठे दिसतत मगे हयसून कित्याक बघतास? भियां वाटता काय?"

"आधी वाटायचा," तू म्हणालीस. "नव्या नव्या. आता कसला?"

"मगे?"

तू मान न वळवता म्हणतेस, "हे पागर फेकतत तेवा बरे दिसतत. घरात नाय दिसणत."

मुलं हसतात. तूही हसतेस. चौकोन हलतो.

हे तू मला कधी म्हणाली नाहीस. पोरांना सांगितलंस, वर यंत्रासमोर सांगितलंस, आणि मला मात्र 'मशीन बघता काय नाय तां बघूक.' उद्या सांगतंय म्हणालीस ते हेच सांगणार होतीस की आणखी काही थाप मारणार होतीस, ते तुलाच माहीत. थापच मारली असतीस. तुला मी ओळखतो.

तर भांडणाचं असं. बाहेर येण्याच्या बाबतीत तुझं खरं धरतो. खरं कारण आधी सांगितलं असतंस तर मी एवढा वाद घातला नसता. निशाणाच्या बाबतीत अजून माझंच खरं आहे. रंग बदलायला हवा होता.

मी तन्वीला सांगितलं, पुसू नको. ती म्हणाली, मी पुसणार नव्हतेच, तुम्हाला दाखवायचं म्हणून विचारलं. चेडू तुझ्यावर गेलंय.

संध्याकाळी मुलं निघाली. कॅमेरा, मोटरी, निशाण सगळं कॉलेजात दाखवायला घेऊन गेली. पडवी मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पागर खांद्यावर टाकला. शैला मागच्या दारी भांडी घासत होती. म्हणाली, "बाबा, कुठे? होडी वर ओढायची आहे ना?"

"नाय ओढूची," मी म्हटलं. "भरती लागली. जावन येतंय."

ती उभी राहिली. मी खाली उतरलो, होडी ढकलली आणि वळणाजवळ गेलो. तिथून आपलं खळं दिसतं. पाणी चांगलं होतं. उभा राहिलो, कंबर ताठ केली, पागर दंडावर नीट घेतला आणि फेकला. गोल पडला. पहिल्याच फेकीत दोन मोठे शेवटे मासे आले. शैलाला आणि मला दोन पुरले असते, परत फेकायची काही गरज नव्हती.

तरी फेकला.